पावातलं तिसरं बाळ

(हालापा, मेक्सिको. जानेवारी संपत आलेला. बाहेर धुकं आणि बारीक पाऊस. घरमालकीण दोन्या (बाईसाहेब) तोमासाच्या घरातली पुढची खोली. कोपऱ्यात नाताळचा गोठा अजून मांडलेला, शिवणयंत्रावर पांढरं साटीन, दाराशी एक सूटकेस आणि व्हायोलाची पेटी.)

तोमासा : आणि तमाल कोण करणार? ही सूटकेस करणार?

बोग्ना : विकत आणा. कोपऱ्यावरची बाई करते की.

तोमासा : कोपऱ्यावरची बाई मक्याच्या पिठात चरबी घालताना हात आखडते. तिचे तमाल कुत्र्याला घातले तर तोसुद्धा आधी वास घेतो. आणि प्रश्न तमालांचा नाहीच. तीन राजांच्या सणाला आपण पाव कापला, तेव्हा आत लपवलेलं बोटभर बाळ कुणाच्या तुकड्यात निघालं?

बोग्ना : माझ्या.

तोमासा : मग ज्याच्या तुकड्यात ते निघतं त्याने दोन फेब्रुवारीला काय करायचं असतं?

बोग्ना : दोन्या तोमासा, मी सहा वर्षं तुमच्या वरच्या खोलीत राहतेय. आज जायच्या दिवशी माझी परीक्षा घेऊ नका.

तोमासा : मग मीच सांगते. गोठ्यात निजवलेल्या बाळ येशूला उठवायचं. त्याला नवे कपडे घालायचे, खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यायचं, आणि घरी आल्यावर सगळ्यांना पोटभर तमाल घालायचे. ती त्याची धर्ममाता. धर्ममाता ऐन वेळेला बोचकं काखोटीला मारून पळत नाही.

बोग्ना : माझी मुलगी काल रात्री बाळंत झाली.

तोमासा : सकाळपासून तीनदा सांगितलंस.

बोग्ना : कारण तीनदा सांगूनही तुम्ही तमालांचं विचारताय.

तोमासा : मार्चमध्ये होणार होती ना ती बाळंत? का तुमच्या पोलंडात मार्च लवकर येतो?

बोग्ना : हे बोलून झाल्यावर तरी लाज वाटेल तुम्हाला. बोलताना नाही वाटली.

तोमासा : लाज मला कशाची? मी कुणाला शब्द देऊन मोडला नाही. त्याच्याकडे बघ. नुसत्या लंगोटावर पडलाय गोठ्यात. साटीन कापलंस, अर्धं शिवलंस, आणि आता टाकून चाललीस.

बोग्ना : अर्धं नाही, एक बाही राहिलीये. आणि ते टेराकोटाचं आहे, त्याला थंडी वाजत नाही.

तोमासा : तुझ्या तोंडात कीड पडो. एवढ्याचसाठी तुमच्याकडे सहा महिने बर्फ पडतो. देवाला उघडा ठेवता.

बोग्ना : आमच्याकडे त्या दिवशी मेणबत्त्या घेऊन चर्चमध्ये जातात. बाहुल्या खेळत नाहीत.

एवेरार्दो : येऊ का? दार उघडंच दिसलं. बाई, गाडी मी चालूच ठेवलीये. या पावसात बंद केली की ढकलल्याशिवाय हलत नाही, आणि ढकलायला आज गल्लीत कुणी नाही. राजधानीच्या बसला अजून वेळ आहे, पण वर चौकात मोर्चा आहे म्हणतात, तेव्हा आपण खालून, मार्केटच्या मागून जाऊ.

तोमासा : ये एवेरार्दो, ये. माझ्या भिंतीला भिंत लावून राहतोस, माझ्या हातचं खाऊन मोठा झालास, आणि हिला घालवून द्यायला टॅक्सी पण तुझीच. दुसरा कुणी मिळाला नाही वाटतं तिला.

एवेरार्दो : दोन्या, मी टॅक्सी चालवतो. लोक बसतात, मी नेतो.

बोग्ना : ही सूटकेस ठेवा गाडीत. पेटी मी घेते.

तोमासा : घे, ती पेटीच घे आधी. सहा वर्षं त्या लाकडाला रडवत बसलीस. सकाळी रडवायचीस, जेवण झालं की रडवायचीस. शेजारचे विचारायचे, दोन्या, वर कुणी आजारी आहे का?

बोग्ना : शेजारचे विचारायचे, आणि तुम्ही माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचात.

तोमासा : मी तिथे मटार सोलायची. तिथे उजेड चांगला येतो.

बोग्ना : जिन्यात?

तोमासा : माझा जिना आहे. वाटेल तिथे सोलेन. आणि तुझ्या त्या बीटच्या साराने माझं मोठं पातेलं कायमचं लाल झालंय, ते पण बघून जा. आता त्यात भात शिजवला तर तो लाजल्यासारखा दिसतो.

एवेरार्दो : चव बरी होती मात्र त्या साराची. मेचे अजून म्हणते.

तोमासा : तुझ्या बायकोला दुसऱ्याच्या घरचं सगळंच बरं लागतं.

बोग्ना : कचऱ्याच्या गाडीची घंटा वाजली की तुमचे गुडघे दुखायचे. सहा वर्षं मी चप्पल सापडेल ती घालून खाली धावलेय. गॅसवाल्याशी भांडायला मी. गच्चीवरची टाकी भरली का बघायला मी. तुमच्या कुत्र्याला कानात थेंब घालायला मी, चावला तोही मलाच. ते सगळं आज एका पातेल्यात बुडालं.

तोमासा : गरज सरो नि वैद्य मरो, हे कुणाला लागू पडतं ते तूच बघ. तुझ्या वाद्यवृंदाचं कंत्राट संपलं, आता दोन्या तोमासा मेली काय नि जगली काय.

बोग्ना : माझं तिकीट दहा जानेवारीचं होतं.

तोमासा : माहीत आहे.

बोग्ना : नाही, आज एवेरार्दोसमोर ऐका. दहा जानेवारीचं होतं. माझ्या यागोदाचा नवरा ट्रक घेऊन नॉर्वेला असतो, घरात ती एकटी. शेवटचे दोन महिने मी तिच्याजवळ राहणार होते. मग सहा तारखेला या टेबलावर पाव कापला, माझ्या दाताखाली ते बाळ आलं, आणि तुम्ही छातीवर क्रूस काढून म्हणालात, देवाने स्वतः धर्ममाता निवडली. धर्ममाता निघून गेली तर त्या घराला वर्षभर अवकळा येते. तुम्ही रडलात. मी तुम्हाला सहा वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. मी वर गेले आणि तिकीट फेब्रुवारीवर नेलं.

तोमासा : मी तुझा हात धरून न्यायला लावलं नाही.

बोग्ना : यागोदाला फोन केला. म्हटलं, जरा उशीर होईल, इथे एका देवाला कपडे शिवायचेत. ती हसली. मग म्हणाली, आई, मी दहा तारखेपर्यंत दिवस मोजले होते. काल तिला कळा सुरू झाल्या तेव्हा तिने शेजारणीच्या दारावर बुक्क्या मारल्या. शेजारीण बहिरी आहे.

एवेरार्दो : अरेरे. मग?

बोग्ना : खालच्या मजल्यावरच्या मुलाने गाडी काढली. मुलगी झाली, काचेच्या पेटीत ठेवलीये. जगेल म्हणतात. म्हणतात.

तोमासा : म्हणतात म्हणजे जगेल.

बोग्ना : तुमच्या तोंडून मला नको.

एवेरार्दो : दोन्या, झालं ते झालं, आता मोकळ्या मनाने जाऊ द्या बाईंना. तमालांचं बघू आपण काहीतरी. अतोलेची पेज ढवळायचं मेचेने कबूल केलंच आहे. आणि खरं सांगू का, आता बाई चाललेल्याच आहेत म्हणून सांगतो. जबाबदारी काही त्यांच्या एकट्यांची नाही. बाळ मलाही निघालं होतं.

तोमासा : काय निघालं होतं?

एवेरार्दो : पावात. मला निघालं, मेचेलाही निघालं. मी गालात धरून ठेवलं, तिने रुमालात गुंडाळलं. घरी जाऊन एकमेकांना दाखवलं आणि हसलो. दरवर्षीच करतो आम्ही. तमालांचा खर्च आणि मेहनत कुणाला हवी असते, दोन्या? सगळं गावच करतं. आमच्या चुलत्याने एकदा गिळलं होतं.

तोमासा : चोरट्यांनो. माझ्या टेबलावर बसून देवाला फसवता? निघ, गाडीत जाऊन बस.

एवेरार्दो : जातो. आता जातो.

बोग्ना : थांबा एवेरार्दो. तुम्हाला एक आणि मेचेला एक?

एवेरार्दो : हो. आणि तुम्हाला एक. तीन. बेकरीवाला यंदा उदार झाला म्हणायचा. नाहीतर मधल्या आकाराच्या पावात तो दोनच टाकतो. मी विचारलं होतं ना आणताना, किती आहेत, म्हणजे आपलं सावध राहायला. दोन, म्हणाला.

तोमासा : त्या बेकरीवाल्याला दोनापुढे मोजता येत नाही. बाई, तुझी बस.

बोग्ना : आता बसची घाई तुम्हाला?

तोमासा : चुकेल म्हणून सांगतेय. पुन्हा मला बोल लावशील.

बोग्ना : एवेरार्दो, तुमचं बाळ कशाचं होतं?

एवेरार्दो : कशाचं म्हणजे? प्लॅस्टिकचं. पांढरं. सगळ्यांचं तसलंच असतं हल्ली.

बोग्ना : माझं हे बघा. मी पेटीत ठेवलंय, तारांच्या डबीत. आठवण म्हणून नेणार होते.

एवेरार्दो : हे तर चिनी मातीचं आहे. बघू. अरेच्चा.

तोमासा : दे इकडे.

एवेरार्दो : थांबा दोन्या, थांबा. याच्या पायाचा टवका बघा. हा मी उडवलाय. लहानपणी, तुमच्या आई होत्या तेव्हा, त्या स्वतः घरी पाव करायच्या आणि त्यात हेच बाळ असायचं. मी हावरटासारखा चावलो आणि माझा दात अर्धा गेला. हा बघा, अजून तसाच आहे. गल्लीभर रडत गेलो होतो. मग तुमच्या आई हे बाळ साखरेच्या बरणीमागे... ठेवायच्या.

बोग्ना : बोला, बोला. साखरेच्या बरणीमागे. आमच्या स्वयंपाकघरात.

एवेरार्दो : मी गाडीत जातो.

बोग्ना : आता नाही. आता तुम्ही इथेच उभे राहा. दोन्या तोमासा, बेकरीवाल्याच्या पावात तुमच्या आईचं बाळ कसं गेलं?

तोमासा : देवाची करणी.

बोग्ना : पुन्हा सांगा.

तोमासा : आधी ते बाळ दे इकडे.

बोग्ना : माझ्या मुलीने रात्री बहिऱ्या बाईच्या दारावर बुक्क्या मारल्यात. तिची शपथ आहे, पुन्हा देवाचं नाव घेऊन सांगा.

तोमासा : मी घातलं.

एवेरार्दो : दोन्या.

तोमासा : तू गप्प बस, अर्ध्या दाताच्या. हो, मी घातलं. तू कॉफी आणायला आत गेलीस, हा आणि मेचे त्या तुकड्यांना चिवडत बसले होते, आता कळलं कशाला. मी तुझा तुकडा उचलला आणि खालून अंगठ्याने खुपसलं. झालं समाधान?

बोग्ना : का?

तोमासा : का म्हणजे? डिसेंबरात तू कसं सांगितलंस आठवतंय? मी भांडी घासत होते. तू मागून आलीस आणि म्हणालीस, न्हाणीघरातला नळ गळतोय, आणि मी दहा तारखेला चाललेय, कायमची. एका दमात. नळ आधी.

बोग्ना : नळ खरंच गळत होता.

तोमासा : अजून गळतोय. मी नाही दुरुस्त केला. सहा वर्षं माझ्या टेबलावर जेवलीस. मला ताप आला तेव्हा तीन रात्री पायाशी बसलीस. आणि निघायचं सांगितलंस ते नळाबरोबर. माझी दोन पोरं उत्तरेला, अमेरिकेत गेली, तीसुद्धा अशी गेली नाहीत. त्यांनी निदान खोटं सांगितलं, आई, वर्षभरात येतो. मला वाटलं, एवढे आठवडे तरी मिळतील. माणसाला रिकाम्या खोलीची सवय करायला वेळ लागतो.

बोग्ना : मला विचारायचं होतं.

तोमासा : विचारलं असतं तर राहिली असतीस?

बोग्ना : नाही.

तोमासा : मग?

बोग्ना : मग काही नाही. मी गेले असते. तिच्याजवळ असते. तेवढंच.

तोमासा : मार्चचे दिवस होते तिचे. मला काय माहीत पोर घाई करेल.

बोग्ना : तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. पण मी माझ्या मुलीला तुमच्या देवाचं कारण सांगितलं, आणि तो देव नव्हताच. तुमचा अंगठा होता. हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू?

तोमासा : सांग, म्हातारी वाईट आहे. खरंच आहे ते.

बोग्ना : वाईट माणसं मला चालतात. रडून दाखवलंत तुम्ही.

तोमासा : ते रडणं खोटं नव्हतं.

बोग्ना : मला आता त्यातलं काही वेगळं करून बघायचं नाही. हे घ्या तुमचं बाळ, ठेवा साखरेच्या बरणीमागे. खोलीची किल्ली खिळ्याला लावलीये. कुत्र्याच्या कानाचं औषध खिडकीत आहे, डाव्या कानात घालायचं, उजवा बरा झालाय.

एवेरार्दो : बाई, आता खरंच निघायला हवं. मोर्च्याचं सांगता येत नाही.

बोग्ना : चला.

तोमासा : केवढी आहे?

बोग्ना : काय?

तोमासा : तुझी नात. केवढी आहे?

बोग्ना : तुम्हाला काय करायचंय?

तोमासा : विचारतेय.

बोग्ना : यागोदाने फोटो पाठवलाय. शेजारी नर्सचा हात आहे, त्यावरून कळतं. एवढी.

तोमासा : हात नीट धर. एवढी?

बोग्ना : जरा कमी. एवढी.

तोमासा : एवेरार्दो, त्याला गोठ्यातून उचल. अरे मान धर, पाय धरून काय कोंबडी उचलतोयस? आण इकडे, हिच्या हातांमध्ये ठेव.

एवेरार्दो : तंतोतंत.

बोग्ना : घ्या ते. माझ्या नातीची याच्याशी बरोबरी नको.

तोमासा : बरोबरी कोण करतंय, माप घेतेय. तिला कपडे आहेत?

बोग्ना : आहेत. सगळे मोठे होतात. यागोदा म्हणाली, सगळ्यात लहान सदरा आणला, त्यात ती सापडत नाही. पेटीतून काढतील तेव्हा काय घालायचं म्हणून रडत होती. बाकी कशाला रडली नाही, कपड्यांना रडली.

तोमासा : यंत्रावरचं साटीन दे, एवेरार्दो. आणि ती सुटी बाही, खाली पडलीये बघ. हे घेऊन जा.

बोग्ना : नको.

तोमासा : यात माझं काही नाही. कापड तू आणलंस, शिवलंस तू. याचं माप घेऊन शिवलंयस म्हणजे तिला बरोबर बसेल. आतून मऊ अस्तर लावलंयस. मी बघितलं तेव्हा मनात म्हटलं, टेराकोटाच्या देवाला ही बया अस्तर कशाला लावतेय.

बोग्ना : एक बाही नाही त्याला.

तोमासा : थांब, दोन मिनिटांत मी...

बोग्ना : थांब म्हणू नका मला. तो शब्द तुम्ही वापरून संपवलात.

तोमासा : बरं. नाही म्हणत. एवेरार्दो, माझी शाल दे. सुईदोरा माझ्या खिशात आहे. मी मागे बसते आणि गाडीत लावते. स्टँड येईपर्यंत होईल. तू पुढे बस, याच्या शेजारी. माझ्याशी बोलू नकोस.

बोग्ना : बोलणार नव्हतेच.

तोमासा : माफ पण करू नकोस. मला रस्ताभर ते ऐकायचं नाही.

बोग्ना : करत नाहीये.

तोमासा : छान. चला मग.

एवेरार्दो : दोन्या, मार्केटच्या मागचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. सुई टोचेल तुम्हाला. मी जरा हळूच घेतो.

तोमासा : अजिबात हळू घ्यायचं नाही. हिची बस चुकली तर तुझा उरलेला अर्धा दात मी काढेन.

एवेरार्दो : आणि याला कुठे ठेवू? दोन तारखेला हा काय घालणार?

तोमासा : ठेव गवतावर, होता तिथे. गेल्या वर्षीचं घालेल. तो कुठे वाढतोय.